तिघांचं एकच म्हणणं

हॅलो? … हां ताई, बोल. … नाही गं, ऑफिसातच आहे अजून. … कसली जेवायला येतेय! बसून घ्या तुम्ही. भाऊजींना सांग, ताटकळू नका माझ्यासाठी. … नाही, रडत नाहीये. इकडे फरशी पुसतायत, पाय खुर्चीवर घेऊन बसलेय, म्हणून आवाज असा येतोय. … बरं बाई, रडले थोडी. आता नाही.

कोणी काही बोललं नाही गं मला. उलट सर खूश आहेत, काम वेळेत झालं म्हणून. माझंच डोकं चालेनासं झालंय. … तेच, त्या पोरीचं प्रकरण. … सांगितलं नव्हतं का तुला? सात वर्षांची आहे. आई गेली, तेव्हापासून आमच्या बालगृहात. बाप बेकरीत रात्रपाळीला, रात्री पोरीजवळ कोण झोपणार, म्हणून आपणहून आणून ठेवली त्यानं. आता त्याची बहीण राहायला आलीय त्याच्याकडे. तर म्हणतो, माझी पोर मला परत द्या. … हो, ते बालकल्याण समिती ठरवते. उद्या बसणार आहे. पण ठरवणार कशावरून? मी लिहीन त्यावरून! … नाव नको विचारूस. आमच्यात सांगत नाहीत.

लिहिलं ना. दुपारीच सरांच्या टेबलावर ठेवलं. वडील व्यसनी आहेत, मुलीला घरी पाठवू नये. … दारू, दुसरं काय. … अगं, मी हवेत लिहीन का? तिघांनी सांगितलं. तिघं वेगळे आणि तिघांचं एकच म्हणणं. एकाचं ऐकून विश्वास ठेवायचा नाही, तीन ठिकाणी विचारायचं, तिन्हीकडून तेच आलं की बात पक्की. हेच तर शिकलोय आम्ही. … मग रडतेस कशाला? हे मीच मला विचारतेय मघापासून.

ऐक ना. अहवाल दिला आणि मग त्याच्या घरी गेले. बहिणीची एक सही राहिली होती. त्यानंच दार उघडलं. आणि ताई, दाराशी भिंतीला एक खुंटी ठोकलीय त्यानं, नवी. इतकी खाली, माझ्या कमरेशी. म्हटलं, ही कशाला? तर म्हणे, तिच्या दप्तराला. वर ठोकली तर तिचा हात कसा पुरणार? … हो ना. मी काय लिहून आलेय आणि हा काय ठोकून बसलाय.

नाही, वास नाही आला. … आला नाही म्हणजे काय ते सांगते ना! मी येणार हे माहीत होतं त्याला. … हो, डोळे लाल होते. … रात्रभर भट्टीपुढे उभा असतो, मान्य आहे. … काय? … परत बोल. … वास आला तर पितो, आणि नाही आला तर लपवतो? असं मी कुठे म्हटलं? … म्हटलं का? … आत्ता?

थांब, थांब, मला आणखी गोंधळात टाकू नकोस. … नाही गं, त्याच्याशी बोलले की मी. पहिल्यांदा गेले तेव्हा तोंड उघडेना, तर मी लिहिलं, माहिती लपवतात. दुसऱ्यांदा भडाभडा बोलत सुटला, तर लिहिलं… हसू नकोस ना! … लिहिलं, गरजेपेक्षा जास्त खुलासे देतात. … मग त्यानं करायचं तरी काय, बरोबर आहे तुझं. पण ताई, आग असल्याशिवाय धूर निघतो का? आणि धूर एकीकडून नाही, तीन तीन ठिकाणांहून येतोय!

आत्या? आत्याचं काय मध्येच? … हो, ती आजारी असल्याची हूल उठली होती. काका फळं घेऊन धावले, मामी रात्रीच्या गाडीनं आल्या, आणि आत्या निवांत केस कापायला गेलेली. … तूच ना ते शोधून काढलंस? … हो, आठवतंय. सगळ्यांना फोन करकरून. काकांना मामींनी सांगितलं, मामींना भाऊजींनी, भाऊजींना तू! आणि तू फक्त एवढंच म्हणाली होतीस, की आत्या फोन उचलत नाहीये. … हे वेगळं आहे पण. आपल्या घरातल्या गप्पा आणि माझं काम, एका मापानं कसं मोजतेस? … अगं, चिडत नाहीये. … बरं, सांगते. विचार.

पहिली, शाळेतल्या वर्गाच्या बाई. त्या म्हणाल्या, वडिलांचं पिणं आहे, लेकराकडे बघवत नाही. … पाहिलं नाही त्यांनी. तो शाळेत फिरकत नाही, सकाळी झोपलेला असतो. … ऐकलं. फाटकापाशी आया उभ्या असतात ना, त्यांच्याकडून. … त्याच्या वरच्या मजल्यावरच्या काकू असतात त्यांच्यात, नातवाला सोडायला येतात. … हो, काकूंनीच सांगितलं बाईंना.

दुसऱ्या त्याच काकू. … म्हणजे काय, साक्ष एकच धरायची का? बरं, धर. पण काकूंनी डोळ्यांनी पाहिलंय! सकाळी जिन्यात भिंतीला धरून चढतो, म्हणाल्या. … आधीपासूनच चढतो तसा, वर्ष दोन वर्षं. … आधी त्यांना काय वाटायचं? … थकून आलाय असं वाटायचं. … हो, त्याच म्हणाल्या. आता कळलं हो का चढतो तसा, असं म्हणाल्या. … कोणामुळे कळलं? … कोपऱ्यावरच्या दुकानदारामुळे.

आणि तिसरा तोच. … हो. … हो गं, कळतंय मला, तोंडावर नको मारूस. पण दुकानदार तरी खोटं कशाला बोलेल? त्याचं काय जातंय? म्हणाला, मॅडम, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. … नाही, तो दारू विकत नाही. बिस्किटं, साबण, असलं. … त्याला कोणी सांगितलं? … ते नाही विचारलं. …

थांब हं.

वही उघडतेय माझी. … अगं, दोनदा गेले होते त्या दुकानदाराकडे. हे म्हणाला ते दुसऱ्या वेळी. पहिल्यांदा गेले तेव्हा त्याला काहीच माहीत नव्हतं. माणूस बरा आहे, म्हणाला, पैसे चुकते करतो, जास्त बोलत नाही. … मग मीच विचारलं. … आम्ही सगळ्यांनाच विचारतो गं, प्रत्येक बापाबद्दल विचारतो! पितो का हो तो? एवढंच विचारलं. … गळ्यात ओळखपत्र होतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती.

ताई… मीच गं.

मी विचारलं, तो बोलला काकूंना, काकू बोलल्या फाटकाशी, बाईंनी मला सांगितलं. आणि मी व्यसनाच्या रकान्यात बरोबरची खूण केली. पक्कं झालं म्हणून! काखेत कळसा माझ्याच, आणि मी गाव पालथं घालतेय. … नको समजावूस. चूक झाली म्हणतात याला? पोरीचं घर चाललं होतं माझ्या एका प्रश्नापायी.

पीत नाही का मग? … तेही माहीत नाही ना! तेच तर! पितो हे खोटं ठरलं नाही, खरंही ठरलं नाही. पीतही असेल. मला काहीच माहीत नाही. इतके दिवस फिरून आहे तिथंच आहे मी. … कोणाला? … बेकरीतल्या लोकांना नाही विचारलं. … बेकरी रात्री चालते आणि माझं ऑफिस दिवसा, म्हणून. … हो. जे रात्रभर त्याच्या शेजारी उभे असतात ते सोडून, तो झोपलेला असताना जागे असणाऱ्यांना विचारत बसले मी.

पोरीला? … विचारलं होतं की. … नको, ते नको सांगायला. … अगं, तिला जवळ घेऊन विचारलं, बाबा भेटायला येतो तेव्हा कसला वास येतो गं त्याला? … पावाचा म्हणाली. गरम पावाचा.

काय लिहिणार? लिहिलं, मुलगी वडिलांना पाठीशी घालते.

… काय, अहवाल?

हो, घेते मागे. सरांना फोन करते, सांगते, थांबवा म्हणून. बेकरीत जाते, रात्री जाते, काय व्हायचं ते होऊ दे. पण ताई, कागद मागे घेता येतो. गल्लीचं काय करू? काकूंचा नातू त्या पोरीशी खेळेल का आता? दारोदार जाऊन सांगू, की मी नुसतं विचारलं होतं? सांगितलं तर म्हणतील, बघा, मॅडम परत चौकशीला आल्या.

… थांब, सरांचाच फोन येतोय. ठेव तू. … जेवते, जेवते. ठेव!

हॅलो? … हो सर, ऑफिसातच आहे. सर, तो दुपारचा अहवाल… पुढे गेला का? … नाही ना? देवा. सर, नका पाठवू. त्यातली एक गोष्ट मला नीट माहीत नाही. … वडिलांच्या पिण्याची. … हो, तिघांनी सांगितलं असं मीच लिहिलंय, पण ते तिघं नव्हेत, सर, ते… समोर येऊन सांगते. समितीकडून थोडी मुदत मागू या. … मिळेल? … थँक्यू सर. … हो, सगळं पुन्हा पहिल्यापासून बघते.

काय सर? … पितोच तो? तुम्हाला खात्री आहे? … तुमच्याही कानावर आलंय?

कोणाकडून, सर? … हॅलो? … हॅलो?