एक साधं म्यान, एक खिशांचं

माहं नाव वामन, पण या हुडको कॉलनीत येऊन वामन कुठं राहते असं विचारशील तर कोणी सांगणार नाही, छत्तेवाले काका विचार, छत्ते म्हणजे माशांचे पोळे, तर लहान लेकरूही दारापर्यंत आणून सोडीन. तू विचारलं ना बेटा, आंगणातल्या कडुनिंबाले ते चामड्याचं काय टांगून ठेवलं, तर ते चाकूचं म्यान आहे, अन् ते झाडाले कावून आहे अन् माह्या कमरेले कावून नाही, हे सांगायचं म्हणजे मले माह्या बापापासून सुरू करावं लागीन, चालते ना तुले?

माहा बाप भंडाऱ्याकडचा. तो इथं आला तेव्हा हा पोलादाचा प्लांट उभा होऊन राहिला होता, अन् त्याले खलासी म्हणून घेतलं, खलासी म्हणजे उंचावर चढून दोर-साखळ्या बांधणारा, लोखंडाचे मोठे मोठे गर्डर वर नेऊन बसवणारा. तो म्हणे, वामन्या, वरून पाहिलं तर माणसं मुंगीसारखी दिसतेत, पण खाली उतरलं की त्याच मुंग्यांसोबत डबा खावा लागते, म्हणून वर जाऊन माजायचं नाही. उंचीची भीती आमच्या घरात कोणालेच नव्हती, माही आई कवेलूच्या छपरावर चढून आमचे पतंग काढून द्यायची. मले मात्र पक्की नोकरी लागली नाही, मी ठेकेदाराकडं रंगकामाले लागलो, उंच शेड, टाक्या, पुलाच्या कमानी, तिथं दोराले लटकून ब्रश मारायचा. अन् जिथं उंच लोखंड आहे तिथं आग्या माशा आहेतच. इकडचे लोकं त्याहिले भंवरमाछी म्हणतेत. दाराच्या फळीएवढं एकएक पोळं, उघडं, अन् त्याच्यावर माशांची काळी चादर, अन् तुम्ही जवळ गेले की त्या चादरीवरून एक लाट जाते, चमचम करत, वरून खाली, जसं कोणी फुंकर मारली. पहिल्यांदा ती लाट पाहिली तेव्हा मी ब्रश तसाच हातात धरून थांबलो, रंग माह्या पायावर टपकून राहिला, मले समजलंच नाही.

तिथं मले कका भेटला. कका म्हणजे इकडच्या भाषेत काका, धमधाकडचा म्हातारा, छत्ते काढायचं त्याचंच काम, हडकुळा, बोलणं कमी, तुह्यासारखंच. आवाज करणारं माणूस माशांनाही आवडत नाही, तू शिकली असती हे काम. मी त्याच्या मागं लागलो, मले शिकव म्हणून, तर तो म्हणे, धीर धर बाबू, ये ओखर घर ए, हमन पहुना अन. हे त्यांचं घर आहे, आपण पाहुणे. बस, येवढंच शिकवलं त्यानं, बाकी मी पाहून पाहून शिकलो. अन् एक वस्तू दिली, हे माह्या कमरेले आहे ते साधं म्यान, झाडावरचं दुसरं.

पाह्य, हात लाव. काही नाही त्याच्यात. चामड्याची एक पट्टी दुमडली, एका बाजूनं शिवली, झालं. ना बटन, ना खिसा, ना कुठं फट. आंगठ्यानं मूठ दाबली की चाकू वर येते, एका हातानं, दुसरा हात तर दोरालेच लागते ना. अन् फट कावून नाही, तर आग्या माशी कुठंही शिरते, बाहीत, कॉलरमध्ये, खिशात, अन् शिरली की निघता येत नाही म्हणून घाबरते, घाबरली की चावते, एक चावली की तिचा वास बाकीच्यांना जाते, अन् मंग तू नाही अन् मी नाही. दुसरी गोष्ट चामड्याची. त्याहिले चामडं म्हणजे अस्वल, बेटा. जंगलात पोळं फोडाले अस्वलच येते ना, केसाळ, कातड्याच्या वासाचं. म्हणून कका म्यानाले त्याहीच्याच जुन्या पोळ्याचं मेण चोळायचा, उन्हात धरून, आंगठ्यानं, चामडं प्यायचं थांबेपर्यंत. मंग ते म्यान अस्वलाचं राहत नाही, घरचं होते.

कका गेला, त्यालेही लई वर्षं झाली. मी रंगकाम सोडलं, हेच करत राहिलो. मंग एकदा हथखोजमध्ये, कारखान्यांच्या भागात, एका शेडवर चढलो असताना खालून कोणीतरी मोठी मशीन सुरू केली, सगळं लोखंड थरथरलं, अन् त्या उठल्या. किती चावल्या ते सोड, आधीही चावायच्या, सूज येऊन उतरून जायची. या वेळी गळाच बंद होऊन राहिला. माहा साळा प्रकाश खाली दोर धरून होता, त्यानं मले स्कूटरवर पोत्यासारखं टाकून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण म्हणाली, काका, आता तुमच्या अंगाले हे विष सहन होत नाही, पुढच्या वेळी कदाचित एकच माशी पुरेल, अन् माह्यापर्यंत पोचायले वेळ मिळणार नाही. तिनं सुई दिली, मांडीत टोचायची, अन् गोळ्या, अन् म्हणाली, हे अंगावर पाहिजे, घरच्या कपाटात नाही.

शोभानं, माह्या बायकोनं, सुई कशी टोचायची ते तिथंच शिकून घेतलं. घरी आल्यावर म्हणाली, काम सोडा. मी म्हणलं, सोडून करू काय? ती म्हणाली, भजी तळा. मी म्हणलं, मले भजी तळता येत नाही. म्हणाली, मले विधवा होता येत नाही. मंग तिनंच मार्ग काढला, प्रकाशले बोलावलं. प्रकाश हथखोजमध्येच चामड्याचे हातमोजे अन् एप्रन शिवते, भट्टीवरच्या कामगारांचे, त्याचा हात म्हणजे मशीनच. शोभा म्हणाली, यांच्यासाठी असं म्यान शिव की सुई-गोळ्या चाकूसोबतच राहतील, हा माणूस औषध विसरीन पण चाकू विसरणार नाही.

अन् प्रकाशनं बनवलं. अरे बाप्पा, काय बनवलं! मधात चाकूची जागा, बाजूले सुईचा लांब खिसा बटनाचा, त्याच्याखाली गोळ्यांचा, एक शिटीचा, एक लायटरचा, धार लावायच्या दगडाचा वेगळा, वरून दोर अडकवाले कडी, पिवळ्या दोऱ्याची दुहेरी शिलाई. घालून पाहिलं तर माह्या कमरेले कोणीतरी लहान आलमारी लटकवली असं वाटे. प्रकाश म्हणे, भाऊजी, हे म्यान नाही, चलता-फिरता दफ्तर आहे. मी म्हणलं, चपराशी कुठं आहे? शोभानं एका खिशात देवाचा अंगारा ठेवला, एकात सुपारी.

आता माही गोची पाह्य. साधं घातलं तर माशा शांत, पण त्या उठल्या तर माह्याजवळ वाचायले काही नाही. खिशांचं घातलं तर वाचायचं सामान आहे, पण पाच-सहा फटी, नव्या चामड्याचा वास, म्हणजे त्या उठतील ते त्याच्यामुळंच. एक मरू देत नाही अन् एक मरायची पाळीच येऊ देत नाही, घ्यायचं कोणतं? मी पंधरवडाभर कामालेच गेलो नाही, दोन्ही म्यानं खाटेवर ठेवून पाहत बसायचो, शोभा झाडू मारता मारता म्हणायची, झालं का ठरून नवरीचं? शेवटी मी तिचं ऐकलं, कारण तिच्या डोळ्यात जे होतं ते माशांपेक्षा जास्त टोचून राहिलं होतं. पण मी गपचूप एक केलं. ककानं ठेवलेला मेणाचा गोळा काढला अन् आंगणात बसून त्या खिशांच्या म्यानाले चोळला, आतून बाहेरून, प्रत्येक खिशाच्या ओठाले, बटनालेही. प्रकाशले वाईट वाटलं, म्हणे, नव्या मालाचा रंग घालवला भाऊजी.

मंग होळीनंतर तुमच्या सेक्टर दहामधून बोलावणं आलं. लग्नघर होतं, हळदीचा मंडप टाकलेला, अन् बरोबर त्याच्यावर आलेल्या आंब्याच्या फांदीले माशांचा घोळका येऊन बसला. पोळं नाही, नुसत्या माशा, जंगलातून येऊन जागा पाहून राहिल्या होत्या. अशा वेळी त्याहीच्याजवळ घर नसते, लेकरं नसतेत, म्हणून राग कमी असते. मी म्हणलं, उद्या-परवा आपोआप जातील. नवरीची आई हात जोडून म्हणाली, भाऊ, आजच हळद आहे हो, अन् मुलं दगड मारून राहिली. मले दगडाचीच भीती. चढलो. प्रकाश खाली दोर धरून. ठरवलं की ती बारकी फांदी अर्धी कापायची, दोरानं बांधून हळूहळू मागच्या बाजूले उतरवायची.

चाकू काढला, कापाले लागलो, अन् फांदी आतून किडलेली निघाली. कट्कन मोडली, दोर अडकवायच्या आधीच. घोळका फुटला, बेटा. सगळं आभाळ गुणगुणाले लागलं. मले ना आंबा दिसे, ना मंडप, ना माहे हात. मी डोळे मिटले, झाडाले चिकटलो, शोभाचं तोंड डोळ्यासमोर आलं, अन् मी वाट पाहत राहिलो, पहिली कुठं चावते म्हणून.

कोणीच चावलं नाही. मंग मले वाटलं की माही उजवी कमर जड होऊन राहिली. डोळे उघडले तर माशा तिथं येऊन बसत होत्या, एकीवर एक, एकीचे पाय एकीले धरून, म्यानावर, कमरेवर, मांडीपर्यंत. काय सांगू तुले, कसं सांगू. वजन म्हणजे झोपलेल्या तान्ह्या लेकराएवढं, तसंच गरमही. अन् तो आवाज कानातून नाही आला, हाडातून आला, कमरेच्या हाडातून वर छातीत, दातांपर्यंत. राणी मी पाहिली नाही, पण ती जिथं राहीन तिथंच सगळ्या जमा होतेत, म्हणजे पडता पडता ती माह्या म्यानावर पडली होती, अन् जुन्या घराच्या मेणाचा वास, अंधारा खिसा, तिले वाटलं असन आपलंच आहे. जिले भ्यावं ती माह्या खिशात जाऊन बसली, अन् तिचं अख्खं गाव माह्या अंगावर.

खालून प्रकाश ओरडला नाही, शहाणा आहे, हळूच म्हणाला, भाऊजी, हिलू नोका. सुई कुठं आहे? मी म्हणलं, राणीजवळ. तर हा माणूस तिथंही म्हणते कसा, मंग मागून घ्या ना.

हसूही येईना अन् श्वासही घेता येईना. हातात उघडा चाकू, ठेवायचा कुठं, म्यानात तर त्या बसलेल्या. चाकू झाडालेच खुपसून दिला. अन् मंग मले ककाचं वाक्य आठवलं, की आपण पाहुणे. पण या वेळी पाहुण्या त्या होत्या, बेटा, अन् घर मी होतो. पाहुण्यांना कोणी ढकलून देते का? मी तसाच उभा राहिलो. मंडपातल्या बायांनी लेकरं जवळ ओढली, बँडवाल्यांनी वाजे खाली ठेवले, नवरी हळदीच्या पिवळ्या साडीत दारात येऊन वर पाहून राहिली. त्या सगळ्या निवांत झाल्या, आवाज बारीक झाला, तेव्हा मी डाव्या हाताचं एक बोट कमरेच्या पट्ट्याच्या बकलापर्यंत नेलं. तिथं बसलेल्या माशा बोटावर आल्या, चालल्या, बाजूले झाल्या. बकल सुटलं. पट्टा हळूहळू अंगावरून काढला, तान्हं लेकरू कडेवरून पाळण्यात ठेवते तसा, अन् एका मोडक्या फांदीच्या खुंटाले टांगला. त्या सगळ्या त्याच्यासोबत गेल्या. माह्या अंगावर एकही राहिली नाही, एकही चावली नाही.

खाली आलो. नवरीच्या आईनं मंडप मागच्या आंगणात नेला, हळद तिथं झाली, कोणी मुलानं दगड मारला नाही. त्या घोळक्याले आता मीच हात लावणार नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या उठल्या, कॉलनीवर एक चक्कर मारली अन् गेल्या, जंगलाकडं गेल्या असतील.

म्यान उतरवून घरी आणलं. सुई तशीच, गोळ्या तशाच, सुपारीही. सुईच्या खिशाच्या ओठाले मात्र नव्या मेणाची एक पांढरी रेघ होती, नखाएवढी, घर बांधाले घेतलं होतं त्याहिनं. शोभानं म्यान नाकाजवळ नेलं, मोठा श्वास घेतला. मले वाटलं आता रडीन, नाहीतर भांडीन. ती म्हणाली, घर पाहाले आल्या होत्या, पसंत नाही पडलं वाटते. अन् तेव्हाच तिनं बटन उघडून सुई काढली, गोळ्या काढल्या, अन् माह्या सदऱ्याले आतून छातीवर कपड्याचा खिसा शिवाले बसली. प्रत्येक सदऱ्याले आहे आता. हे साधं म्यान तिनंच आणून हातात दिलं, म्हणाली, हे घाला, ते त्याहीचं झालं.

तेव्हापासून मी लेकरं असलेल्या पोळ्याले हात लावत नाही, शोभाले तसं वचनच दिलं आहे, नुसते असे भटके घोळके उतरवून देतो, लोकांच्या दारातून, जेव्हा त्याहीले घर नसते. अन् दरवर्षी होळी झाली की ते खिशांचं म्यान झाडाले टांगतो, सगळी बटनं उघडून. प्रकाश चिडवते, भाऊजी, टू-लेटचा बोर्डही लावा. अजून आल्या नाहीत. येतील असं काही नाही, त्याहीले का घरांची कमी आहे. पण मी रोज चहा पिताना एकदा तिकडं पाहतो, अन् उजव्या कमरेले ते वजन अजून समजते मले, खरं सांगतो.

शोभा, हिले चहा दे वं, केव्हाची गप्प बसून ऐकून राहिली. मी म्हाताऱ्यानं आशीर्वाद काय द्यावा तुले, एवढाच देतो बेटा, की तुह्याही अंगावर कधी असं काही मोठं येऊन बसो, तू घाबरून हलू नको, अन् ते न चावता उठून जावो.