तोंडी परीक्षेतले दोन शंख

शिकल्याली माणसं जात इचारत न्हाईत म्हणतोस व्हय? मग माझ्या एमएस्सीच्या तोंडी परीक्षेचं ऐक की. नव्वदीतली गोष्ट. भायेरनं आलेल्या सरांनी टेबलावर दोन समुद्री शंख ठेवलं. दोन्ही टोपीसारखं, खडकाला चिकटून बसणारं.

"एकाच गटातले का?"

"नाही सर. दिसतात सारखे, पण हा कल्ल्यानं श्वास घेतो आणि तो फुप्फुसानं. म्हणजे तो बागेतल्या गोगलगाईच्या जवळचा."

सर खूश झालं. आमच्या मॅडमना म्हणलं, "पोरगा तयार आहे. वर्गीकरण करताना शंखावर जायचं नसतं, आतला जीव बघायचा असतो."

मग च्या आला. कप उचलत त्यांनी इचारलं, "गाव कुठलं?"

"नेसरी."

"म्हणून नेसरीकर. त्याच्या आधीचं आडनाव काय?"

"हेच, सर."

"बरं. घर नेमकं कुठं येतं नेसरीत?"

"बुद्धविहाराजवळ."

"अस्सं," म्हणलं, कप खाली ठेवला आन् पुढच्याला बोलवायला सांगितलं.

गोगलगाईला उघडून आत बघाय लागतंय. माझं पत्त्यावरच भागलं.