निजामुद्दीन सरांबद्दलची दुरुस्ती

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या तंत्रशाळेच्या प्राचार्या आदरणीय सत्यशीलाताई, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती निजामुद्दीन सर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी अनवरीभाभी, शिक्षकवृंद, विद्यार्थी मित्रांनो आणि समस्त घाटंजीकर बंधुभगिनींनो,

मी खेमसिंग आडे, गेली बावीस वर्षं एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. मला बोलण्यापेक्षा लिहिण्याची सवय. ताईंनी दहा मिनिटं दिली आहेत, आठांत आवरतो.

माझ्या मागच्या फलकावर लिहिलं आहे, 'क्षेपणास्त्राला चकवा देणारे वैमानिक निजामुद्दीन सर यांना सेवानिवृत्तीनिमित्त शुभेच्छा'. अक्षर देखणं आहे, रंगवणाऱ्याचं कौतुक करतो. मात्र त्यातली निम्मी ओळ चुकीची आहे, आणि ती चूक माझी आहे.

सन २००४. कापसाचे ते दिवस तुम्हाला मी काय सांगावं? माझ्याकडून यवतमाळला रोज एकाच तऱ्हेची बातमी जायची. गेलेल्या शेतकऱ्याचं नाव, गाव, वय, मागे कोण कोण. एका शनिवारी कार्यालयातून फोन आला, "आडे, उद्याच्या पानाला एखादा तरी वाचलेला माणूस पाठवा ना."

वाचलेला माणूस शोधत मी तंत्रशाळेत आलो. सर इथे मोटार मेकॅनिकचा वर्ग घेत आणि त्याआधी हवाई दलात होते, एवढं मला ठाऊक होतं. शाळा सुटल्यावर ते संगणकाच्या खोलीत लढाऊ विमानाचा खेळ खेळतात, असं शिपायानं सांगितलं. गेलो. सर पडद्यासमोर उभे होते. खुर्ची मागे सरकवलेली, हातात खेळातलं विमान वळवायचा दांडा, आणि खोलीत अजिबात आवाज नाही.

खालून क्षेपणास्त्र सुटलं की खेळात घंटा वाजते. सरांनी ती बंद केली होती. मी म्हटलं, "सर, आवाज काहून बंद?"

"भाऊ, खांद्यावरून सोडलेलं क्षेपणास्त्र इंजिनाच्या गरमीमागं येते. ते घंटा वाजवून येत नाही. कोणाले धूर दिसला तरच समजते."

मग डोंगराच्या कडेवरून धुराची बारीक रेघ निघाली. सरांनी इंजिनाचा जोर कमी केला, मागे आगीचे गोळे सोडले, म्हणजे क्षेपणास्त्र त्यांच्या गरमीला भुलावं, आणि विमान आडवं करून डोंगराच्या सावलीत घातलं. रेघ गोळ्यांमागे गेली. काही मिनिटांनी विमान धावपट्टीला टेकलं. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, "आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा परत आलं."

मी विचारलं, "खरोखरच्या लढाईतही असंच झालं होतं ना, सर?" ते काही बोलले नाहीत. पाचला बातमी फॅक्स करायची होती आणि घड्याळात साडेचार झाले होते. सरांचं मौन म्हणजे सैनिकाचा विनय, असं मी ठरवून टाकलं. वैमानिक बसून विमान उडवतो आणि हा माणूस उभा होता, हे डोळ्यांना दिसूनही मी ते विचारलं नाही.

रविवारी बातमी आली. सोमवारी चौकात शाल आणि नारळ. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बरेच जण आज या सभागृहात आहेत.

मंगळवारी सर माझ्या दारात, हातात पेपर.

"खेमसिंगभाऊ, मी पायलट नव्हतो."

"मंग कोण होते?"

"विमान तयार करून देणारा. नट-बोल्ट, इंधन, ते आगीचे गोळे भरणं. उड्डाणाआधी लाल फितीच्या सेफ्टी पिना काढून पायलट साहेबाले दाखवायच्या, साहेब अंगठा दाखवतील, मंग बाजूला व्हायचं. आन् आपलं विमान हवेत असेस्तोवर आपण खाली बसायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण कोणीच बसत नाही."

नव्व्याण्णवच्या लढाईत, उन्हाळ्यातल्या एका सकाळी त्यांनी पिना दाखवल्या. गेली दोन विमानं, आलं एक. दुसऱ्या विमानातल्या वैमानिकाला धूर दिसला होता, तो ओरडलाही, पण तोवर उशीर झाला होता. चौकशीत सरांच्या कामात काहीही खोट निघाली नाही. तरी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सर धावपट्टीकडे तोंड करून उभे होते. शेवटी कोणीतरी त्यांना हात धरून नेलं.

मी म्हटलं, "सर, उद्याच दुरुस्ती छापतो."

"नका छापू. तुमच्या पेपरात विमान परत आलं. सगळ्या कागदांत एवढ्या एकाच कागदावर आलं. राहू द्या तसंच."

मी राहू दिलं. खरं सांगू का? मला हायसं वाटलं. दुरुस्ती छापणं कोणत्या वार्ताहराला आवडतं?

पण त्याचं पुढे काय झालं, ते मी चार वर्षं पाहत होतो. गाव त्यांना 'पायलटसाहेब' म्हणू लागलं. चहाच्या टपरीवर पोरं विचारत, "साहेब, मिसाईल कसं चुकवलं?" सरांनी टपरी सोडली. सव्वीस जानेवारीला पुढची खुर्ची ठेवायचे, तेव्हा सरांना नेमका ताप यायचा. जो माणूस गेला, त्याच्याबद्दल ते गावात कोणाशी बोलणार? गावाच्या लेखी कोणी गेलेलंच नव्हतं. उरली संगणकाची खोली, आणि उद्यापासून तिचीही किल्ली सरांकडे नसेल.

मागच्या आठवड्यात अनवरीभाभींनी मला बाजारात गाठलं. पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "भैया, तुमने इनको हवा में उडा दिया. अब उतारो भी. चार साल से ये आदमी किसी से बात नहीं करता."

मी सरांकडे गेलो. भाभींचं म्हणणं सांगितलं. सर म्हणाले, "सांगा. पण साहेबाचं नाव हुद्द्यासकट घ्या."

तर दुरुस्ती अशी. निजामुद्दीन सर वैमानिक नव्हते. ते विमानाची निगा राखणारे तंत्रज्ञ होते आणि आपल्या कामात चोख होते. त्या सकाळी ते विमान फ्लाइट लेफ्टनंट देवीलाल चालवत होते. वय सव्वीस. ते परत आले नाहीत.

सत्यशीलाताईंनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलं, त्याबद्दल सर्वांचे आभार. भाषणात काही उणं-अधिक झालं असेल तर आपण मोठ्या मनाने सांभाळून घ्यालच. लिहिण्यात जी चूक झाली तिची माफी मात्र मी सरांकडे, या भरल्या सभागृहात, हात जोडून मागतो.

आणि एक विनंती. उद्या रस्त्यात सर भेटले तर त्यांना पायलटसाहेब म्हणू नका. देवीलाल साहेब कसे होते, एवढं विचारा. आणि हातात थोडा वेळ ठेवूनच विचारा.