हिटरवरच्या चोची

रुमाल लावा नाकाला, ताई, लाजू नका — सोमवारी लावला होतात तसा लावा, मला काही वाटत नाही, इथे पहिल्या दिवशी ओकारी न आलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. हे सीलच्या पोटातलं. कालच बोटीवरून डबे आले. अर्धं पचलेलं, अर्धं कुजलेलं, वर तेलाचा तवंग — शी! सव्वीस वर्षं झाली, पण मेली किळस काही मरत नाही. लोक म्हणतात सवय होते. कसली सवय? हाताला होते, नाकाला होत नाही.

तुम्ही शिकलेल्या, आमच्या मॅडमच्या हाताखाली संशोधनाला आलेल्या, तुम्हाला मी काय सांगणार — पण मला जसं कळलं तसं सांगते. ती बर्फाच्या समुद्रातली माकुलं, तुमची ती स्क्विड, माणसाच्या जाळ्यात फारशी येतच नाहीत. महा बेरकी जात. जाळं आलं की सटकली. सापडतात कुणाला? सीलला, पेंग्विनला, त्या लांब पंखांच्या पक्ष्यांना. मग आपण काय करायचं, तर त्यांच्या पोटातलं उपसायचं. अंग सगळं विरघळून जातं, चोच तेवढी उरते — काळी, पोपटासारखी, नखाएवढी. खालच्या चोचीवरून जात कळते, तिच्या लांबीवरून जनावर केवढं होतं ते कळतं. म्हणजे अख्खा समुद्र दुसऱ्याच्या ओकारीत शोधायचा! आणि शोधणार कोण, तर मी. मॅडम मोजतात, पण सगळं धुऊनपुसून समोर ठेवल्यावर.

ही जाड चोच बघा, ही ऑक्टोपसची. हा तळाशी राहणारा. त्याची मादी म्हणे त्या गारठ्यात अंड्यांना कवटाळून बसते — महिनोन् महिने, कधी वर्ष उलटून जातं, तोंडात कण घेत नाही, आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. मॅडमचे डोळे भरून आले होते सांगताना. मला मात्र त्या बयेचा रागच आला. का म्हणजे? तिला निदान कुणी सांगत नाही, की तुझ्या अंगाला वास येतो, लांब बस.

सून वाईट नाही हो माझी. तोंडावर कधी बोलली नाही. पण नातू झाला आणि मी कामावरून आले की ती हळूच उठून आतल्या खोलीत जायची, बाळाला घेऊन. मी दोनदा आंघोळ करायची, लिंबू चोळायची, नखं मुळापर्यंत कापायची. एकदा तिनं दिलं त्याला माझ्याकडे, दोन महिन्यांचा होता — तर त्यानं तोंड फिरवलं आणि असं भोकाड पसरलं, की शेजारीण धावत आली. सुनेला बोल लावावा तर ती बिचारी वरमली. पण लेकरू काय खोटं बोलतं? त्या रात्री मी माझे हात हुंगले आणि मलाच मळमळलं.

मग मी काय केलं — तुम्ही हसाल. नियम असा, की चोची अखेरपर्यंत स्पिरिटातच ठेवायच्या, ओल्यातच निवडायच्या. म्हणजे दिवसभर हात त्या घाणीत. मी बरणी चाळणीत उपडी करायला लागले आणि ताट थेट हिटरवर. दुपारपर्यंत चोची खडखडीत. वास गेला, चिकटपणा गेला, चिमट्यानं उचलायच्या, डाळ निवडल्यासारख्या. मॅडम चारला येतात, त्याआधी परत स्पिरिटात. कुणाच्या बापाला कळलं नाही. आणि पंधरा दिवसांत, ताई, तो माझ्या मांडीवर झोपला. पाच वर्षांचा झाला आता. दारात वाट बघत उभा असतो, पायांना मिठीच मारतो.

मॅडमचंही भलंच झालं की त्यात. हो, याच पाच वर्षांत. आधी त्यांना कोण विचारत होतं? पाच वर्षांपूर्वी त्यांच्या लक्षात आलं, की समुद्रातली माकुलं एकाएकी लहान झालीत. समुद्र तापतोय, खायला मिळत नाही, असं काहीतरी. केवढं नाव झालं. सगळीकडून बोलावणी. मला म्हणाल्या, तुमच्या हातांमुळे झालं हे सगळं. मी तर —

लिहायच्या का थांबलात?

ही कशाला मोजताय? लाल दोऱ्याच्या बरणीतली ना ही — सोमवारी तुम्हीच मोजली होती, तुम्ही समोर होतात म्हणून मी ती ओलीच ठेवली होती. काल वाळवली. पण आज स्पिरिटात टाकली की परत. किती होती सोमवारी? सहा मिलिमीटर. आणि आता? नीट धरा ते माप. साडेपाच? पुन्हा बघा. दुसरी घ्या.

तीही.

मला वाटलं होतं भिजली की फुगते, वाटाण्यासारखी. शप्पथ, मला तसंच वाटलं होतं. पाच वर्षं, ताई. म्हणजे तिकडे काहीच लहान झालेलं नाही? या ताटात झालं सगळं?

नाही, तुम्ही नका सांगू मॅडमना. मी सांगेन. चार वाजता मॅडम त्या खुर्चीत बसल्या की सांगेन. तो हिटर बंद करा जाताना. नवे डबे मी ओल्यातच काढते, आत्ताच हात घालते, म्हणजे मग मागे फिरायला नको. पोरगं आज दारात उभं असेल — असू दे.

जा आता. दार घट्ट लावून घ्या, वास बाहेर जाईल.