भाऊजींनी ताणलेली गिटार

कारागिराकडून गिटार लावून घेनं म्हनजे चोचले, असं जो म्हनते ना, त्याले मी आमच्या भाऊजीचं सांगतो. सत्तर सालाच्या पुढची गोष्ट हाय. रिसोडात आमची भीमगीतांची पार्टी होती. जयंतीसाठी भाऊजीनं नागपूरवरून जुनी गिटार आनली. तारा दांड्यापासून इतक्या वर, की खालून बिडी आरपार जाईन. दाबू दाबू त्याईची बोटं सोलली.

मी म्हटलं, "भाऊजी, अकोल्याचा वाद्यवाला तारा खाली बसवून देते. एकदा दाखवून आना."

"काहून? घरच्या झोपायच्या साऱ्या बाजा मी तानतो. दोरी ढिल्ली झाली की बाज बिघडते. तारेचं बी तसंच हाय."

अन् बसले पक्कड घेऊन. जितक्या तारा तानल्या, तितका दांडा वाकला, अन् तारा आनखी वर गेल्या. वर गेल्या म्हनून या मानसानं आनखी तानल्या!

जयंतीले स्टेजवर गानं सुरू झालं. भाऊजीनं पहिलाच हात मारला, अन् तारा बांधलेली पट्टी बुडातून उखडून त्याईच्याच हनवटीवर बसली. गानं बंद. लोकं हसून हसून लोटपोट.

भाऊजी हनवटी चोळत माइकवर म्हनते, "मंडळी, मालच हलका निघाला. तानायचं काम मले कोनी शिकवू नका. आमच्या घरच्या बाजा येऊन पाहा!"

बायकाईतून माही ताई, म्हनजे त्याईची बायको, उठली. "माइक बंद करा हो त्याईचा. लगन झाल्यापासून घरच्या बाजा मीच तानून राह्यली!"