दम पुरवून

तपासनीस : हसू नकोस गं! नाकाला चिमटा लावून कुणी हसतं का? फुंक... अजून... अजून...

मुलगी : बाबा समोर गाल फुगवून उभे आहेत, मी तरी काय करू?

बाबा : मी नुसता धीर देतोय.

तपासनीस : काका, तुम्ही आधी भिंतीकडे तोंड करा बघू. तिसऱ्यांदा फुंकतेय ही, आणि मशीन म्हणतंय, फुप्फुसं ऐंशी वर्षांच्या आजीबाईंची आहेत!

बाबा : अरे देवा! सातव्या महिन्यात जन्मली हो ही. एवढीशी. काचेच्या पेटीत ठेवली होती. फुप्फुसं पुरती तयार व्हायच्या आत बाहेर आलीय, जन्मभर जपा, असं तेव्हाच सांगितलं होतं डॉक्टरांनी.

मुलगी : आणि वीस वर्षं नुसतं जपताहेत! मॅडम, घरचा बँड आहे आमचा. बाबा ट्रम्पेट वाजवतात, मी चोरून शिकले. रिपोर्ट चांगला आला तरच बँडमध्ये घेणार म्हणतात. गेलं आता सगळं.

तपासनीस : थांब, थांब. तू श्वास सोडतेस कसा?

मुलगी : पुरवून पुरवून. आठवडाभर घोटून घेतलंय बाबांनी. समोर मेणबत्ती ठेवायची, ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये.

तपासनीस : काका!

बाबा : काय चुकलं? दम एकदम उधळायचा नसतो, वाजवणाऱ्याला पहिलं तेच शिकवतात.

तपासनीस : अहो, इथे उधळायचाच असतो! पहिल्या सेकंदात किती बाहेर येतो, तेच तर बघायचंय. चांगल्या तरण्या पोरीची आजीबाई केलीत तुम्ही!

मुलगी : बाबा, विझवू का मेणबत्ती?

बाबा : विझव बाई, घरातले दिवेसुद्धा विझव!

तपासनीस : छातीभर घे... आणि फुंक! फुंक फुंक फुंक फुंक... बास!

(तिघंही हसत सुटतात.)

बाबा : हसताय काय, आकडा सांगा. जीव टांगणीला लागलाय माझा.

तपासनीस : असायला हवा त्याहून थोडा कमी आहे. लवकर जन्मलेल्यांचा राहतो कधीकधी. डॉक्टर नीट सांगतीलच, पण आजीबाई गेल्या! धूर मात्र आसपाससुद्धा नको. घरात कोण ओढतं?

मुलगी : मी नाव घेत नाही. भिंतीकडे तोंड करून उभे आहेत ते.

तपासनीस : या काका, बसा. तुमचाही बघू.

बाबा : माझा? चाळीस वर्षं फुंकतोय मी. मशीन फुटेल तुमचं!

मुलगी : उधळा बाबा, उधळा! फुंका फुंका फुंका!

बाबा : ...हुश्श. किती?

तपासनीस : हिच्यापेक्षा कमी आहे, काका. बराच.

मुलगी : बाबा, पुन्हा फुंका ना. सवयीनं जपून सोडला असेल तुम्ही.

बाबा : नाही गं. होता तेवढा सगळा सोडला.

मुलगी : बाबा...

बाबा : रडतेस काय वेडे? काचेच्या पेटीतली पोर माझी, आणि दम माझ्याहून जास्त! शनिवारी ट्रम्पेट तू घे. मी ड्रम घेतो. हात अजून शाबूत आहेत माझे.