उघडायची सोय

कुरियरच्या रांगेत माझ्यापुढे बापलेक उभे होते. लेकाच्या हातात लाकडी पेटी, तिच्यातून वर आलेली, संगीत वाजवायच्या म्युझिक कंट्रोलरची बटणं.

"नीट धर, कोपरा घासतोय."

"बाबा, विकत घेणारा पेटी फोडूनच टाकणार आहे. त्याला फक्त आतला कंट्रोलर हवाय."

"मग काढून दे की."

"निघाला असता तर दिला नसता? एक स्क्रू नाही! पेटी बनवताना तुम्ही चारी बाजूंनी चिकटवून टाकलीत."

"कंट्रोलरला जादा बटणं तूच बसवलीस. म्हणालास, आता हा जन्मभर माझ्याकडेच."

"म्हणालो होतो."

"मग उघडायची सोय कशाला ठेवू?"

"नोकरी लागली, बाबा. वाजवू कधी?"

"मी कुठे काय म्हणतोय?"

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "काका, वर 'नाजूक' लिहू?"

"कशाला? तिकडे फोडायचीच आहे."